धातूची झळाळी आणि छायाचित्राचे सत्य : एडवर्ड कर्टिस यांच्या सुवर्णप्रतिमांच्या निमित्ताने

सारांश

अंधारखोलीत तयार होणाऱ्या छायाचित्राला धातूसारखे रूप देण्याची धडपड छायाचित्रणकलेइतकीच जुनी आहे. प्रस्तुत लेखात या रूपामागील भौतिक कारणे थोडक्यात स्पष्ट करून, अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड एस. कर्टिस (१८६८–१९५२) यांच्या ‘ओरोटोन’ म्हणजेच सुवर्णप्रतिमांची समीक्षा केली आहे. धातूची झळाळी ही केवळ सजावटीची बाब नसून ती प्रतिमेतील प्रकाशाचा अर्थच बदलते. म्हणून अशा छायाचित्राचे मूल्यमापन करताना धातू प्रतिमेत आहे, प्रतिमेच्या मागे आहे, की केवळ नावापुरता आहे, हा प्रश्न प्रथम विचारणे आवश्यक ठरते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : अंधारखोली, ओरोटोन, डॅगेरोटाइप, टिनटाइप, एडवर्ड कर्टिस, नवाहो, विल विल्सन.

प्रस्तावना

छायाचित्राची समीक्षा बहुधा त्याच्या विषयापासून सुरू होते आणि रचनेपाशी संपते. छायाचित्र ज्या द्रव्याचे बनलेले असते त्या द्रव्याचा विचार तंत्रज्ञांवर सोपवला जातो. चित्रकलेच्या बाबतीत असे घडत नाही. तैलरंग आणि जलरंग यांच्यातील फरक समीक्षक गृहीत धरतो, कांस्यमूर्ती आणि पाषाणमूर्ती यांचे निकष वेगळे असतात हेही त्याला मान्य असते. छायाचित्र मात्र जणू द्रव्यहीन असते, अशा समजुतीने त्याच्याकडे पाहिले जाते. पुस्तकातील छापील प्रतिकृती आणि वर्गातील पडद्यावरची प्रतिमा यांमुळे ही समजूत अधिकच दृढ झाली आहे.

ही समजूत जिथे सर्वाधिक अपुरी पडते असा प्रकार म्हणजे धातुमय रूप असलेली छायाचित्रे होत. त्यांच्यात द्रव्य स्वतःच बोलते, आणि क्वचित विषयापेक्षाही मोठ्याने बोलते.

कागदावरील चांदी काळी का दिसते?

पारंपरिक कृष्णधवल छायाचित्र हे मुळातच धातूचे चित्र असते. कागदावर बेरियम सल्फेटचा शुभ्र थर असतो, त्यावर जिलेटिनमध्ये मिसळलेल्या सिल्व्हर हॅलाइडचे पायस, म्हणजेच इमल्शन पसरलेले असते. प्रकाश पडलेल्या ठिकाणच्या हॅलाइडचे विकासकाच्या क्रियेने शुद्ध चांदीत रूपांतर होते आणि उरलेले हॅलाइड स्थिरीकरणात विरघळून निघून जाते. अखेरीस कागदावर जे शिल्लक राहते ती चांदीच असते, तरी ती चकाकत नाही, काळी दिसते. विकासनात तयार होणारी चांदी सपाट पत्र्यासारखी नसून अतिसूक्ष्म तंतूंच्या गुंत्यासारखी असते. त्या गुंत्यात शिरलेला प्रकाश पुनःपुन्हा आपटत शोषला जातो, बाहेर फारसा येत नाही. चित्रातील पांढरेपणा मात्र चांदीचा नसून तिच्याखालील शुभ्र थराचा असतो.

धातू धातूसारखा दिसण्यासाठी त्याच्या पृष्ठभागावरून प्रकाशाचे नियमित परावर्तन व्हावे लागते. कागद प्रकाश सर्व दिशांना विखुरतो. आरसा तो एका दिशेने परत पाठवतो. पाहणाऱ्याने मान किंचित वळवली की धातूवरील तेज सरकते, कागदावरील पांढरेपणा जागचा हलत नाही. धातुमय रूपाचे सारे रहस्य या सरकत्या तेजात आहे.

अंधारखोलीतील नेहमीच्या साधनांनी या रूपाच्या जवळपास जाता येते, तिथपर्यंत पोहोचता येत नाही. सेलेनियमच्या टोनिंगने चांदीचे अंशतः सिल्व्हर सेलेनाइडमध्ये रूपांतर होते, काळ्या छटा अधिक गडद व थंड होतात. सुवर्णक्षारांच्या टोनिंगने निळसर झाक येते. ओला चकचकीत कागद क्रोमियमचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर दाबून वाळवला, म्हणजे त्याचे ग्लेझिंग केले, की पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो. या तिन्ही क्रियांमुळे काळ्या भागांना पोलादी खोली प्राप्त होते. तथापि पांढरे भाग कागदाचेच राहतात, आणि जोवर पांढरे कागदाचे आहे तोवर चित्राला खऱ्या अर्थाने धातुमय म्हणता येत नाही.

याला एक अपवाद आहे आणि तो बोलका आहे. दमट हवा, प्रदूषित वायू आणि हलक्या प्रतीचे पुठ्ठे यांच्या संगतीत जुन्या छायाचित्रातील चांदीचे ऑक्सिडीकरण होते. तिचे आयन पृष्ठभागाकडे सरकतात आणि तेथे पुन्हा अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने साचतात. मग चित्राच्या गडद भागांवर निळसर, आरशासारखी झाक दिसू लागते. कोकणातील किंवा मुंबईतील घरांमधून जपलेल्या लग्नाच्या जुन्या अल्बमांत ही झाक अनेकांनी पाहिलेली असते. संग्रहालयशास्त्रात हा क्षयाचा प्रकार मानला जातो. म्हणजे कागदावरील चांदी निरोगी असते तेव्हा ती धातूसारखी दिसत नाही, आणि धातूसारखी दिसू लागते तेव्हा ती आपली जागा सोडू लागलेली असते.

धातुमय रूपाचे तीन मार्ग

हे रूप हेतुपुरस्सर साधायचे तर कागदाचा शुभ्र थर दूर करून त्याच्या जागी दुसरे काही आणावे लागते. इतिहासात त्याचे प्रामुख्याने तीन मार्ग दिसून येतात.

पहिल्या मार्गात धातू हाच प्रतिमेचा देह असतो. १९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिसमध्ये फ्रांस्वा आरागो यांनी जाहीर केलेला लुई डॅगेर यांचा डॅगेरोटाइप हे त्याचे आद्य उदाहरण होय. तांब्याच्या पत्र्यावरील चांदी आरशासारखी घासून, तिला आयोडिनची वाफ देऊन, कॅमेऱ्यात उघडून, नंतर पाऱ्याच्या वाफेने ही प्रतिमा विकसित केली जाई. पुढे इपोलित फिझो यांनी सुवर्णक्षाराने ती अधिक पक्की करण्याची रीत शोधली. डॅगेरोटाइपमध्ये उजळ भाग सूक्ष्म कणांमुळे दिसतात, तर गडद भाग हा उघडा आरसाच असतो. त्या आरशात काळे काही प्रतिबिंबित झाले तरच चित्र नीट दिसते. अन्यथा ते उलटे, म्हणजे ऋण भासते. पाहणाऱ्याला योग्य कोन शोधावा लागतो आणि शोधताना त्याला स्वतःचा चेहराही त्या पत्र्यात दिसतो.

दुसऱ्या मार्गात धातू प्रतिमेच्या मागे असतो. ओरोटोन हा त्याचा नमुना होय. त्याचा सविस्तर विचार पुढे केला आहे.

तिसऱ्या मार्गात धातू केवळ नावात असतो. रंगीत छायाचित्रणात ‘मेटॅलिक’ या नावाने विकला जाणारा कागद या वर्गात मोडतो. रंगीत कागदाच्या प्रक्रियेत चांदी ही केवळ मध्यस्थ असते. रंगद्रव्ये तयार झाली की तिचे विरंजन करून ती पूर्णपणे धुऊन काढली जाते. झळाळी येते ती कागदाच्या आधारथरातील, मोत्यासारखे तेज देणाऱ्या द्रव्यातून. अशा रीतीने ज्या छायाचित्राला बाजारात ‘धातुमय’ म्हणून ओळखतात त्याच्या प्रतिमेत धातू नसतोच, आणि ज्या साध्या कृष्णधवल चित्राला कोणी धातुमय म्हणत नाही ते मात्र सर्वस्वी धातूचे असते.

कर्टिस यांच्या सुवर्णप्रतिमा

कर्टिस यांचे नाव ‘द नॉर्थ अमेरिकन इंडियन’ या वीस खंडांच्या प्रकल्पाशी जोडलेले आहे. १९०७ ते १९३० या काळात हे खंड प्रसिद्ध झाले. १९०६ मध्ये धनाढ्य वित्तसम्राट जे. पी. मॉर्गन यांनी पाच वर्षांत ७५,००० डॉलर देण्याचे मान्य केल्यामुळे या कार्याला गती मिळाली. खंडांतील चित्रे फोटोग्रॅव्ह्यूर पद्धतीची, म्हणजे कोरलेल्या ताम्रपटावरून शाईने छापलेली होती. तपकिरी शाई, उत्तम हातकागद, चकाकीचा पूर्ण अभाव असे त्यांचे रूप होते.

त्याच निगेटिव्हांपैकी काहींपासून कर्टिस यांच्या स्टुडिओने दुसऱ्या प्रकारची चित्रे तयार करून विकली. काचेच्या तुकड्यावर पायसाचा थर देऊन त्यावर अंधारखोलीत धनप्रतिमा उतरवली जाई. प्रतिमा काचेतून आरपार पाहायची असल्याने निगेटिव्ह उलटे ठेवून मुद्रण करणे भाग असे. वाळल्यानंतर पायसाच्या बाजूने धातूची भुकटी मिसळलेले रोगण लावले जाई आणि मग चित्र नक्षीदार चौकटीत बसवले जाई. ओरोटोन ही कर्टिस यांचीच निर्मिती नव्हती. योसेमिटीच्या निसर्गदृश्यांसाठी आर्थर पिल्सबरी यांनीही ती वापरली. परंतु ‘कर्ट-टोन’ या स्वतःच्या नावाने तिला प्रसिद्धी मिळवून दिली ती कर्टिस यांनी.

‘ओरो’ म्हणजे सोने असले तरी या प्रकारच्या चित्रांत सामान्यतः वापरली जाणारी भुकटी तांबे आणि जस्त यांच्या मिश्रणाची, म्हणजे पितळेच्या जातीची असे. मराठीत ‘पितळ उघडे पडणे’ हा वाक्प्रचार कल्हई उडालेल्या भांड्यावरून आला. येथे पितळ उघडे पडत नाही, उलट तेच प्रकाश म्हणून पुढे येते. केवळ धातू हलका आहे म्हणून या चित्रांना दोष देणे मात्र उथळपणाचे ठरेल. खरा प्रश्न ती भुकटी चित्रातील प्रकाशाचे काय करते, हा आहे.

ओरोटोनमध्ये पांढरा रंग नसतो. पायसातील चांदी जिथे दाट तिथे मागचे सोने झाकले जाते, जिथे विरळ तिथे ते दिसते. परिणामी चित्रातील प्रत्येक उजळ जागा, मग ती वाळू असो, पाणी असो, ढग असो वा माणसाचा गाल असो, एकाच सोन्याची बनते. फोटोग्रॅव्ह्यूरमध्ये दुपार, सकाळ आणि ढगाळ दिवस यांचे भेद छटांतून कळतात. ओरोटोनमध्ये दिवसभर सूर्यास्तच असतो. पाहणारा हलला की ते तेज सरकते, पण सरकणारे तेज वाळूचे किंवा गालाचे नसते, मागच्या मुलाम्याचे असते.

‘द व्हॅनिशिंग रेस’ (१९०४) या चित्रात हे विशेषत्वाने जाणवते. कॅमेऱ्याकडे पाठ करून कड्यांच्या सावलीकडे निघालेली नवाहो घोडेस्वारांची रांग, असा त्याचा विषय आहे. प्रकल्पाच्या पहिल्या चित्रसंपुटात कर्टिस यांनी ते पहिले चित्र म्हणून ठेवले आणि एक संपूर्ण समाज अज्ञात भविष्याच्या अंधारात जात आहे, असा त्याचा अर्थ स्वतःच सांगितला. फोटोग्रॅव्ह्यूरमध्ये हा अंधार कागदाच्या धाग्यांत मुरलेला आहे. त्यात निदान एक अस्वस्थता आहे. ओरोटोनमध्ये तोच अंधार सोन्याला उठाव देणारी पार्श्वभूमी होतो. जे नष्ट होत असल्याचे सांगितले जाते त्याला त्याच क्षणी मौल्यवान वस्तूचे रूप मिळते. शोक आणि शोभा यांतील अंतर मिटते.

त्याच वर्षी टिपलेल्या ‘कॅन्यन द शे’ या चित्रात उत्तुंग कड्याखालून सात घोडेस्वार आणि एक कुत्रा जाताना दिसतात. ॲरिझोनातील ही दरी केवळ निसर्गरम्य स्थळ नव्हे. १८६४ मध्ये किट कार्सन यांच्या नेतृत्वाखालील सैन्याने याच दरीत शिरून नवाहो लोकांची शेते आणि फळबागा उद्ध्वस्त करण्याची मोहीम चालवली. हजारो लोकांना शेकडो मैल चालवत न्यू मेक्सिकोतील बॉस्क रेडोंडो येथे नेण्यात आले. १८६८ च्या तहानंतर ते आपल्या भूमीत परतले. म्हणजे कर्टिस यांच्या कॅमेऱ्यासमोरून गेलेले स्वार हे लुप्त होणाऱ्यांपैकी नव्हते, परत आलेल्यांपैकी होते. २०२१ मध्ये नवाहो राष्ट्राच्या नोंदणीकृत सदस्यांची संख्या जवळजवळ ४ लाख होती. परतण्याचा हा इतिहास चित्रात उमटणे अवघड होते हे मान्य केले, तरी सोन्याच्या मुलाम्याने तो उमटण्याची शक्यताच संपवली, हे नाकारता येत नाही. सूर्यास्ताच्या प्रकाशात कोणी परत येताना दिसत नाही, जातानाच दिसते.

आक्षेप आणि त्यांचा विचार

या भूमिकेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की दोष धातूचा नसून कर्टिस यांच्या दृष्टीचा आहे. क्रिस्तोफर लायमन यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात कर्टिस यांच्या चित्रांतील फेरफारांची चिकित्सा केली. ‘इन अ पिगन लॉज’ (१९१०) या चित्रात लिटल प्लूम आणि यलो किडनी या दोघांच्या मध्ये ठेवलेले घड्याळ मुद्रणाच्या वेळी पुसून टाकले गेले, हे उदाहरण सर्वश्रुत आहे. आधुनिकतेच्या खुणा पुसण्याची वृत्ती सोन्याच्या भुकटीवर अवलंबून नव्हती, हे खरेच. परंतु घड्याळ पुसणे आणि सोने लावणे या एकाच हेतूच्या दोन क्रिया आहेत. पहिलीने चित्रातील काळ काढून टाकला, दुसरीने त्या रिकाम्या जागी कालातीत तेज भरले. पहिलीचा पुरावा मूळ निगेटिव्हशी ताडून मिळतो. दुसरी मात्र सर्वांच्या डोळ्यांसमोर असते आणि म्हणूनच तिला कोणी फेरफार म्हणत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कर्टिस यांनी सुमारे ४०,००० छायाचित्रे काढली, भाषा आणि गीते मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनिमुद्रित केली, प्रकल्पासाठी स्वतःचे स्वास्थ्य आणि संसार पणाला लावला. ओरोटोनची विक्री हा चरितार्थाचा मार्ग होता. शिवाय ज्यांच्या पूर्वजांची ही चित्रे आहेत त्यांच्यापैकी अनेकांना ती मोलाची वाटतात. ग्रो व्हान्त्र समाजातील अभ्यासक जॉर्ज हॉर्स कॅप्चर यांना आपल्या पणजोबांचा चेहरा कर्टिस यांच्याच छायाचित्रात सापडला. अशा वारसांच्या भावनेपुढे समीक्षकाने नम्र असले पाहिजे.

या आक्षेपातूनच एक भेद स्पष्ट होतो. वंशजाला जे हवे असते ते चेहऱ्याचे ओळखपत्र : कपाळावरची रेघ, नाकाचा बाक, दागिन्याची घडण. ही माहिती छटांच्या सूक्ष्म भेदांत असते. दिवाणखान्यात लावण्यासाठी ओरोटोन घेणाऱ्याला जे हवे असते ते तेज. एकाच निगेटिव्हचे दोन मुद्रित दोन वेगळ्या व्यक्तींसाठी असतात. म्हणून कर्टिस यांच्या कार्याचा सरसकट गौरव किंवा सरसकट धिक्कार करण्याऐवजी, कोणते मुद्रित समोर आहे हे विचारणे अधिक न्याय्य ठरते.

येथे प्लॅटिनम मुद्रणाची तुलना उद्बोधक आहे. विल्यम विलिस यांनी १८७३ मध्ये पेटंट घेतलेल्या या पद्धतीत प्लॅटिनम हा धातू थेट कागदाच्या तंतूंत रुजतो. जिलेटिनचा थर नसल्यामुळे पृष्ठभाग पूर्णपणे निस्तेज राहतो. फ्रेडरिक इव्हान्स यांनी ‘अ सी ऑफ स्टेप्स’ (१९०३) या वेल्स कॅथीड्रलच्या जिन्याच्या चित्रात झिजलेल्या पायऱ्यांवरचा प्रकाश याच पद्धतीने टिपला. अत्यंत मौल्यवान धातू वापरूनही त्याची झळाळी न दाखवणे, आणि साधी भुकटी वापरून सोन्याचा आभास निर्माण करणे, ही एकाच पिढीतील दोन टोके आहेत. इव्हान्स यांच्या चित्रात पायऱ्यांची झीज दिसते, कारण तिच्या आड धातू येत नाही.

प्रतिउत्तर : विल विल्सन यांचे टिनटाइप

तर मग धातुमय रूप सर्वथा त्याज्य मानावे काय? या प्रश्नाचे उत्तर एका नवाहो छायाचित्रकाराच्या कामातून मिळते. विल विल्सन यांनी २०१२ मध्ये न्यू मेक्सिकोत ‘क्रिटिकल इंडिजिनस फोटोग्राफिक एक्स्चेंज’ हा उपक्रम सुरू केला. त्यासाठी त्यांनी एकोणिसाव्या शतकातील ओल्या कोलोडियनची टिनटाइप पद्धत निवडली. काळ्या लेपाच्या पातळ धातुपत्र्यावर ही प्रतिमा उमटते. तिच्यातील गडद भाग हा पत्र्याचा काळा लेप असतो आणि उजळ भाग ही प्रत्यक्ष चांदी असते. तिच्यातही शुभ्र पांढरे नसते. गाल, केस, वस्त्र हे सारे राखाडी चांदीच्या तेजात प्रकट होतात.

बाह्यतः हे रूप कर्टिस यांच्या झळाळीच्या जवळचे वाटते. फरक दोन बाबतींत आहे. पहिला द्रव्याचा : येथे चकाकणारी चांदी म्हणजेच त्या व्यक्तीवरून आलेल्या प्रकाशाने घडवलेली चांदी होय. तिची दाटी प्रत्येक बिंदूला वेगळी असते, कारण तो प्रकाशच वेगळा होता. मागून लावलेल्या भुकटीला हे साधत नाही. ती सर्वत्र सारखीच असते. दुसरा फरक व्यवहाराचा : विल्सन मूळ पत्रा समोर बसलेल्या व्यक्तीला देऊन टाकतात आणि तिच्या अनुमतीने डिजिटल प्रत स्वतःकडे ठेवतात. टिनटाइपची दुसरी प्रत निघत नाही. म्हणजे झळाळणारी एकमेव वस्तू जिचे चित्र तिच्याच घरी जाते. ओरोटोनचा प्रवास नेमका याच्या उलट दिशेचा होता.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. छायाचित्रातील धातुमय रूप हे एकच एक रूप नाही. डॅगेरोटाइप आणि टिनटाइप यांत ते प्रतिमेच्या देहातून येते, ओरोटोनमध्ये पाठीमागून येते, ‘मेटॅलिक’ कागदात ते आधारथरातून येते. धातू प्रतिमेच्या देहात असतो तेव्हा झळाळी विषयावर पडलेल्या प्रकाशाचा हिशेब देते. तो मागे असतो तेव्हा ती विषयाच्या आधीच ठरलेली असते आणि कोणताही विषय तिच्यापुढे ठेवला तरी एकच भाव उमटवते. कर्टिस यांच्या सुवर्णप्रतिमांत तो भाव सूर्यास्ताचा होता, आणि जिवंत समाजाला सूर्यास्ताच्या प्रकाशात ठेवणे ही शैलीइतकीच इतिहासाविषयीची भूमिकाही होती.

अध्यापनाच्या दृष्टीनेही या भेदाला महत्त्व आहे. स्कॅनरखाली ठेवलेल्या ओरोटोनचे सोने सपाट पिवळ्या-तपकिरी रंगात बदलते, डॅगेरोटाइपचा आरसा राखाडी होतो. सरकणारे तेज कोणत्याही पडद्यावर सरकत नाही. त्यामुळे वर्गात दाखवली जाणारी ‘द व्हॅनिशिंग रेस’ची प्रतिमा फोटोग्रॅव्ह्यूरची आहे की ओरोटोनची, हे सांगितल्याशिवाय तिच्यावरील चर्चा अपुरीच राहते. छायाचित्राखालील टिपणात छायाचित्रकाराचे नाव आणि वर्ष जसे दिले जाते, तशीच मुद्रणाची पद्धत आणि द्रव्यही नोंदवले जावे. एवढ्या एका ओळीने विद्यार्थ्याला कळू शकेल की समोरचे तेज त्या माणसाच्या चेहऱ्यावरचे आहे, की चौकटीच्या आतल्या पितळेचे.